बाबांचा बर्फातला फोटो

ती. सुमिएताईस,

कमरेपर्यंत बर्फात रुतलेल्या कुनिहिकोचा, वाकता येत नसल्यामुळे उभ्यानेच नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? तिकडे कागोशिमात आलुबुखार फुलला असेल. इथे खालच्या मजल्याच्या खिडक्या बुजल्यात आणि आम्ही भर दुपारी दिवा लावून जेवतो.

बाबांचं तुला फोनवर सांगितलंच आहे. डॉक्टर म्हणाले, यंदाची भाताची लावणी काही ते बघणार नाहीत. घरी येताच बाबांनी पहिली गोष्ट काढली ती फोटोची. अंत्यविधीला मांडायचा फोटो ज्याचा त्याने जिवंतपणीच काढून ठेवावा, हा आपल्या गावचा शिरस्ता. त्यात मुलाचाच स्टुडिओ. पण स्टुडिओतला निळा पडदा त्यांना नको. "जन्मभर छपरावरून बर्फ उपसला. आता त्यालाच माझ्या मागे उभा कर," म्हणाले. तेव्हा रोज सकाळी वर घराण्याचं चिन्ह असलेला काळा किमोनो आणि खाली गमबूट अशा थाटात ते अंगणात खुर्ची टाकून बसतात (फोटो छातीपर्यंतच येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक).

ताई, बर्फासारखं नतद्रष्ट गिऱ्हाईक नाही. एवढं पांढरं बघून कॅमेरा बिचकतो आणि सगळं राखेच्या रंगाचं करून टाकतो, म्हणून उजेड वाढवून घ्यावा लागतो. मी वाढवला, तर बाबांचे पांढरे केस मागच्या बर्फात मिसळले आणि ते साफ टकले दिसू लागले. हे त्यांनी फार मनाला लावून घेतलं. थंडीत बॅटरी मान टाकते म्हणून मी ती लोकरी पोटपट्ट्यात खुपसून ठेवतो, पण ती चाचपडून बाहेर काढेपर्यंत त्यांचं नाक लाल होतं. एकदा कॅमेरा तसाच उबेला आणला, तर भिंगाला घाम फुटला (पिशवीत गुंडाळून आणायचा असतो, हे मीच गावभर शिकवत फिरतो). एकदा पडत्या बर्फात फ्लॅश मारला, तर जवळचे कण उजळून बाबांच्या डोक्याभोवती पांढरे गोळेच गोळे. शेजारच्या तोकुएआजी चष्मा लावून म्हणाल्या, "अगंबाई, न्यायला आले पण! आणि एवढे सगळे?" बाबा म्हणाले, "त्यात तुझा नवरा असला तर विचार त्याला, माझं नेलेलं फावडं कधी परत करतोस!" तिघंही हसलो. मग बाबांना खोकल्याची अशी उबळ आली की मला त्यांना उचलूनच आत न्यावं लागलं. ते फार हलके झालेत गं. मला रडू आलं, पण मी कॅमेरा पुसत बसलो.

एकूण काय, फोटो जमत नाही. रोज संध्याकाळी मी नकारार्थी मान हलवतो, ते मला नालायक म्हणतात आणि उद्याची वेळ ठरते.

तुझा धाकटा,
कुनिहिको

ता. क. धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं पाठवतोय. भावोजींना बेतानेच दे.

आणखी एक. फोटो पहिल्याच सकाळी आला होता. उजेड, चेहरा, मागचा बर्फ, सगळं उत्तम. इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही. तो मी लपवून ठेवलाय. तो हातात पडला की बाबांची सगळी कामं संपली, मग सकाळी उठून किमोनो कशासाठी चढवतील?

आता माझ्या सबबी संपत आल्यात आणि त्यांनाही संशय आलाय. तू ये. सगळे फोटो त्यांच्यासमोर बघ आणि थोरली म्हणून ठणकावून सांग, की यात एकही धड नाही. तुझं ते ऐकतात.