पंख्यातला कापूस

सौंसर, रविवार, संध्याकाळ

काल ऑनलाइन गेमच्या ऐन फायनलमध्ये लॅपटॉप तापून बंद पडला आणि आमच्या चौघींची टीम हरली. आज तो घेऊन पांढुर्ण्याला दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदारानं नुसता हात लावून पाहिला, उघडलासुद्धा नाही! म्हणे, "ताई, पोरींनी काऊन गेम खेळाव? सिनेमे पाहत जा, नाही तापणार." उघडलासुद्धा नाही, आणि मलेच शिकवून राहिला!

घरी येऊन मीच पेचकस घेऊन स्क्रू खोलले. आई ओरडून राहिली होती, "बिघडवशील वं!" झाकण काढलं, तर पंख्यात कापसाचे तंतू गच्च. खेळते त्याच खोलीत यंदाचा कापूस भरलाय ना. ब्रशनं सगळं काढलं. दोन तास खेळली, एकदाही बंद पडला नाही.

दुकानदाराला त्या कापसाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "कोणत्या भावानं साफ करून देला?"