प्रच्छन्न बेकारीचे एक उदाहरण

रत्नागिरी, १५ एप्रिल १९८४
श्रमाच्या अर्थशास्त्राचा अभ्यास आजपासून. एम.ए. झालो की आमच्या आंब्याच्या कारखान्यात लेबर ऑफिसर मीच. साहेबांनी तसा शब्द दिला आहे. (प्रामाणिकपणे लिहायचे तर शब्द एकच होता: "बघू.") अडचण वयाची नाही, घराची आहे. ओटीवर मेव्हणा भागोजी. मुंबईची गिरणी संपात बुडाल्यापासून आडवा.

१७ एप्रिल
प्रकरण तिसरे. प्रच्छन्न बेकारी: माणूस कामावर दिसतो, पण काढून घेतला तरी उत्पादन घटत नाही. उदाहरण समोरच घोरत होते. मनात आकस आहे का, हे तपासले. नाही. शुद्ध निरीक्षण.

२३ एप्रिल
हंगाम सुरू. फाटकावर हजेरीसाठी मी प्रत्येक कामगार बाईचे नाव, गाव, नवऱ्याचे नाव रोज लिहून घेतो, मगच आत सोडतो. रांग रस्त्यापर्यंत. जनी ओरडली, "मास्तर, नवरा कालचाच हाय! लिवा नि सोडा!" बाकीच्या खिदळल्या. अडाणी. शिस्त कशाशी खातात, माहीत नाही.

२६ एप्रिल
पुस्तक उघडले. उकाडा.

३० एप्रिल
परीक्षेची रजा टाकली. ऐन हंगामात कारखाना बंद पडेल, म्हणून मन खात होते. सुपरवायझर अयूबला तसे बोललो. म्हणाला, "बिनधास्त जावा, मास्तर." बिचारा. कळेल.

७ मे
कारखान्यातून अजून बोलावणे नाही. मानी लोक. भागोजी म्हणाला, "भावोजी, चटईवर जागा हाय." मी खुर्चीत ताठ बसलो.

१२ मे
पेपर. 'प्रच्छन्न बेकारी स्वतःच्या निरीक्षणातील उदाहरणासह स्पष्ट करा.' भागोजीवर चार पाने. नाव गुप्त ठेवले. उगाच बदनामी नको.

१४ मे
कामावर हजर. माझे टेबल आत नेलेले, वर आंब्याच्या पेट्या. अयूब म्हणाला, "तुम्ही गेलात नि रांगच गेली, मास्तर. भोंगा झाला की बाया थेट सुऱ्या घेऊन बसतात. हजेरी मी आतच मांडतो. माल दीडपट निघतो." साहेबांनी आपुलकीने विचारले, आणखी रजा हवी का? हंगाम संपेपर्यंत. बिनपगारी. मी लेबर ऑफिसरचा विषय काढला. या वेळी "बघू"सुद्धा म्हणाले नाहीत.

१५ मे
भागोजीला कारखान्यात पेट्या उचलायला घेतले. पहाटेच गेला.
पेपरातले उदाहरण बदलता येते का, विद्यापीठाला विचारावे काय? सध्या हिला स्वयंपाकाची शिस्त लावावी, म्हणून विळीजवळ जाऊन बसलो. म्हणाली, "तुम्ही ओटीवर जा बघू. आज जेवण वेळेवर व्हायला हवं."
गेलो. चटई तिथेच होती.