पप्पांची फियाट, एकास चोवीस

१४ जून
कापडे गावाच्या अलीकडे पप्पा नेहमी गाडी थांबवायचे. बॉनेट उघडून किटलीने रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे आणि तोवर आम्ही दोघी बहिणी बांधावर बसून उकडलेली अंडी खायचो. पिवळं निशा मला द्यायची, पांढरं मी तिला. मग परत गाडीत. मी पुढे, पप्पांच्या चष्म्याचं घर मांडीवर घेऊन. निशा मागे, वळकट्यांजवळ. पुढे आंबेनळी घाट, मग पाचगणी, कॉन्व्हेंटचं फाटक, सुट्टी संपली. निशाला मागेच आवडायचं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे निशा पोलादपूरचं घर बंद करून मुलीकडे, वडोदऱ्याला चालली आहे. कायमची. १७ ऑगस्टला. फोनवर असं सांगितलं, जसं दळण आणायला निघाली आहे.

मी फोन ठेवला. अशा वेळी बोलून काही होत नाही. करून दाखवावं लागतं.

१६ जून
ठरलं. पप्पांची हिरवी फियाट बनवायची. चोवीसपट लहान, पण हुबेहूब. प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून गाड्या बनवणाऱ्यांचे व्हिडिओ तीन दिवस बघते आहे. अवघड काही नाही. ती गाडी समोर ठेवली की निशाला सगळं आठवेल आणि जाण्याचं नाव काढणार नाही. महाडला माझ्याकडे राहील. मागची खोली रिकामीच आहे.

कॉन्व्हेंटमध्ये नीडलवर्कचं बक्षीस मला होतं. हात अजून स्थिर आहे.

२५ जून
कीट आलं. फियाट मिळाली नाही, दुसरीच परदेशी गाडी आहे. दोन दरवाज्यांची. आपली चार दरवाज्यांची होती. हरकत नाही. व्हिडिओतला मुलगा म्हणतो, थोडं कापलं, थोडं जोडलं की कुठलीही गाडी कुठलीही गाडी होते.

सूचना जपानी भाषेत आहेत. चित्रं आहेत.

टेबल पुढच्या खोलीत, खिडकीशी मांडलं. उजेड तिथेच आहे.

२९ जून
दरवाजे कापले. म्हणजे टोकदार सुरीने रेषा ओढल्या. डावीकडच्या सरळ आल्या. उजवी बाजू भिंतीकडे ठेवायची.

२ जुलै
अंगठा बॉनेटला चिकटला. ठकूबाई भांडी टाकून आली, खोबरेल लावून अर्धा तास चोळत बसली. म्हणाली, "बाई, नातवंडासाठी हाय का?" मी म्हटलं, नाही, निशासाठी. ती म्हणाली, "त्यांना गुडघ्याचा पट्टा लागंल. गाडी कशाला?"

अंगठा सुटला. बॉनेटवर ठसा राहिला आहे. सँडपेपरने जाईल.

५ जुलै
गेला नाही.

८ जुलै, दुपार
निशाला फोन. तुझ्यासाठी सरप्राईज आहे म्हटलं. म्हणाली, "नको गं ताई, ठेवायला जागा नाही आता. कपाटं विकतेय." जाता जाता नीडलवर्कच्या बक्षिसाचा विषय काढला. ती म्हणाली, "ते मला मिळालं होतं. तू बायबल नॉलेजमध्ये दुसरी आलीस." आडनाव एकच, त्यामुळे तिचा गोंधळ होत असावा.

११ जुलै
रंग. बाटलीसारखा गडद हिरवा, स्प्रेचा डबा. पहिला हात इतका सुंदर बसला की मी स्वतःला चहा करून घेतला. चहा पिऊन आले तर गाडीवर दुधाची साय. हवेत ओल असली की हा रंग पांढुरका पडतो म्हणे. डब्यावर लिहिलेलं होतं. महाडला जुलैत ओल नसेल तर काय असेल.

१२ जुलै
पुन्हा हात दिला. पुन्हा साय.

पप्पांची गाडीही धुळीने अशीच दिसायची. उन्हाळ्यात.

१५ जुलै
उपाय सापडला. बारीक भाग तांदळाच्या डब्यात ठेवले, तांदूळ ओल ओढून घेतो. आणि बॉडी टोपलीखाली, आत जुना शंभरचा बल्ब लावून. व्हिडिओवाल्या मुलाकडे याच कामाचं मशीन आहे. आपण डोकं वापरायचं.

सायंकाळ. टप खाली बसला. मधोमध वाटीएवढा खळगा.

बल्ब जरा जवळ होता.

१६ जुलै
रात्रभर विचार केला आणि उलट बरंच झालं असं वाटतं. पप्पा टपावर आमच्या ट्रंका बांधायचे, दोन्ही लोखंडी. त्या गाडीचा टपही नक्कीच बसला असणार. आता वर कॅरियर आणि दोन ट्रंका बनवते. झाकून जाईल.

ट्रंका आगपेटीच्या करणार. एकीवर उ, एकीवर नि.

२१ जुलै
टप बसल्यामुळे आतली मागची सीट बसत नाही. तिरकी घालून पाहिली, तरी नाही. काढून परत डब्यात ठेवली. व्हिडिओवाला मुलगाही म्हणतो, जे दिसत नाही त्यावर वेळ घालवू नका. मागचं कोण वाकून बघणार.

पुढच्या दोन्ही सीट फार छान झाल्या आहेत. माझ्या बाजूला चष्म्याचं घरही ठेवलं आहे, तांदळाच्या कणीवर काळा रंग देऊन.

२४ जुलै
काचा लावल्या. गोंदाच्या वाफेने पुढची काच धुरकट झाली. पुसून जात नाही. पण आंबेनळीत धुकं असायचंच. मागच्या काचा लावल्याच नाहीत, आमच्या कधी वर चढायच्या नाहीत.

२६ जुलै
सावित्री वाढते आहे. सकाळी नगरपरिषदेचा भोंगा झाला. मी गाडी, रंग आणि सँडपेपर घेऊन वरच्या मजल्यावर गेले. ठकूबाईने फ्रीज विटांवर चढवला, गहू वर नेले, माझी कागदपत्रं आणि गोळ्या वर आणून दिल्या. म्हणाली, "एकवीस सालच्या पुरात लोकांनी माणसं वर नेली. तुमी खेळणा नेलात."

पाणी आमच्या गल्लीत आलं नाही.

१ ऑगस्ट
मागच्या खोलीला चुना लावून घेतला. ओल दिसते अजून, पण पलंग त्या भिंतीपासून लांब सरकवता येईल. खिडकी गोठ्याकडे उघडते, पण शांत आहे. निशाला शांत लागतं.

ठकूबाई विचारते, "निशाताईंना रावा म्हणून इचारलंत का नाय?" मी सांगितलं, विचारायची गरजच पडणार नाही. ती म्हणाली, "म्हंजे नाय इचारलंत."

ठकूबाईला सरप्राईज ही गोष्ट कळत नाही.

९ ऑगस्ट
गाडी पूर्ण. डाव्या बाजूने, थोडं लांबून, चष्मा काढून पाहिलं तर अंगावर काटा येतो. उजवं मागचं चाक जमिनीला टेकत नाही. घाटात असं व्हायचंच.

१३ ऑगस्ट
निशाचा फोन. मला शनिवारी ये म्हणाली, डबे-बरण्या वाटून टाकायच्या आहेत. तिचा आवाज बसलेला होता. मी सर्दीवर काढा सांगितला. तिने तो ऐकून घेतला. मग म्हणाली, "अजून काही सांगायचंय का तुला?" मी म्हटलं, शनिवारी समोरच बघ.

किती उत्सुक आहे ती.

१६ ऑगस्ट, रात्री
एसटीने पोलादपूरला गेले. गाडी केकच्या खोक्यात, मांडीवर. खड्ड्यांत कॅरियर निघाला. एक ट्रंक सीटखाली गेली, ती सापडली नाही. नि लिहिलेली.

घर ओळखू येईना. भिंतींवर कपाटांच्या जागा उजळ दिसत होत्या. निशाची मुलगी समीक्षा सामानाला दोऱ्या बांधत होती. निशा उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर बसली होती. मी खोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि बाजूला झाले.

तिने गाडी बाहेर काढली. फिरवून उजवीकडून पाहिली. बॉनेटवरच्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला. मग मागच्या खिडकीतून डोळा लावून आत बघितलं. बराच वेळ.

म्हणाली, "ताई, मागे सीटच नाही. मी कुठे बसायची?"

समीक्षा हसली. मी सांगितलं, टप बसला म्हणून काढावी लागली, आणि मागचं कुणाला दिसत नाही.

"हो," ती म्हणाली, "ते मला माहीत आहे."

नंतर समीक्षाला सांगू लागली, दर वेळी त्या घाटात तिला मागे उलटी व्हायची. पुढे बसू दे म्हणून कापड्याला रडायची. पप्पा म्हणायचे, उज्ज्वला मोठी आहे. मला हे काही आठवत नाही. मला अंडी आठवतात. मी अंड्यांचं विचारलं. ती म्हणाली, "मला पिवळं आवडायचं गं."

मागच्या खोलीचं मी सांगितलं. चुना लावला आहे म्हटलं. तिने माझ्या गालावर हात ठेवला. "मागेच?" म्हणाली. मग समीक्षाने कात्री मागितली आणि ती उठली.

गाडी तिने परत खोक्यात ठेवली. म्हणाली, तूच ठेव, माझ्याकडून मोडेल.

१७ ऑगस्ट
सकाळी निरोप द्यायला महाडच्या नाक्यावर उभी राहिले. समीक्षाने गाडी थांबवली. मागे सामान काचेपर्यंत भरलेलं. निशा पुढे होती. सीटचा पट्टा लावून, मांडीवर पर्स. मला वाटलं, दमलेली दिसेल. तशी दिसली नाही. समीक्षा म्हणाली, "आईला पुढे बसलं की त्रास होत नाही."

मी निशाच्या बाजूची काच खाली करायला सांगणार होते. सिग्नल नाही तिथे, पण मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

२० ऑगस्ट
पोहोचल्याचा मेसेज समीक्षाचा. निशाचा नाही.

ठकूबाईने तांदूळ निवडताना हाक मारली. तळहातावर काहीतरी धरून उभी. "बाई, ही खाटली कसली?"

मागची सीट. तांदळाच्या डब्यातच राहिली होती. धुऊन पाहिली. सगळ्या कीटमध्ये हाच एक भाग सरळ आहे. रंगही नीट बसला आहे, साय नाही.

टेबल मोडते आहे. कुणाला काय, ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन बदलणार नाही.

स्प्रेचे डबे: गल्लीच्या टोकाच्या सायकलवाल्याला.
सुऱ्या, चिमटा, सँडपेपर: ठकूबाईला. चिमटा तिने आधीच नेला आहे.
टोपली आणि बल्ब: परत माळ्यावर.
गाडी: मला. मागच्या खोलीत, भिंतीपासून लांब.
पुढची खोली, खिडकीसकट: निशाला, ती कधी आली तर. आत्ता कळवायचं नाही. की कळवावं.
मागची सीट: निशाला, वडोदऱ्याला, कुरिअरने. कापसात गुंडाळून. ती विचारेल हे काय पाठवलंस, तर सांगायचं, ही तुझी आहे, हवी तिथे ठेव, पुढे ठेवलीस तरी चालेल.