यंदा फक्त फुलबाज्या

लक्ष्मीपूजन, पुनावळे

आज सगळं नीट केलं होतं. तन्वीला सुती फ्रॉक, पायात बूट, पार्किंगच्या मोकळ्या जागेत पाण्याने भरलेली बादली. भुईनळे आणलेच नाहीत. गेल्या दिवाळीत न पेटलेल्या भुईनळ्यावर हे वाकले आणि यांचा उजवा डोळा गेला. आता आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. चाकणच्या कंपनीनेही मशीनवरून काढून गेटवर बसवलंय.

"हात लांब धर गं," म्हणत हे तन्वीजवळच उभे होते. तिची विझलेली फुलबाजी घेऊन यांनी बादलीत टाकली, ती बाहेर पडली. दुसरीही बाहेरच. एका डोळ्याने अंतर कळत नाही. तापलेली तार फरशीवर, आणि यांना वाटलं, पाण्यात गेली. सांगावं का? नाही सांगवलं. चपलेने ती हळूच बाजूला सारली.

पण तन्वीने पाहिलं होतं.

"बाबा, मला नको आता. भीती वाटते."

"बरं, राहू दे," म्हणून हे हसले.

पोरगी कशालाच घाबरत नाही. सातव्या वर्षी बापाला सांभाळून घ्यायला शिकली. यापुढे आमच्या घरात हेच चालणार.