नकाशात नसलेली बिल्डिंग

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे! नायगाव पूर्वेला, मिठागरांकडे तोंड करून उभी असलेली नवीकोरी बिल्डिंग, नवव्या मजल्यावर वन बीएचके आणि खिडकीत खाडीचा वारा. माझी सहा वर्षांची ज्ञानदा रिकाम्या हॉलमध्ये कोलांट्या उड्या मारतेय. तिला एवढं मोठ्याने हसताना मी कधी ऐकलंच नव्हतं. इथे हसलं तरी कुणी दार आपटत नाही. नंबर बदललाय, आणि इचलकरंजीत आईशिवाय कुणालाही पत्ता ठाऊक नाही. नवऱ्याला, विघ्नेशला, तर कळताच कामा नये. शेवटच्या दिवशी तो म्हणाला होता, पोरगी उचलून नेईन, तुला परत दिसणार नाही. आणि मग शांतपणे चहा प्यायला.

९ नोव्हेंबर
आमची बिल्डिंग नकाशातच नाही! फोनमध्ये बघावं तर आम्ही राहतो तिथे नुसतं मिठागर. गॅसवाला फोन करकरून शेवटी वैतागला आणि परत गेला. वॉचमन धर्माकाका इथल्याच गावचे. ते म्हणाले, इथे टँकरचं पानी येतं, पन पत्त्यावर मानूस येत नाय. सगळे आपले सांगतात, पाण्याच्या टाकीमागे या. मला मात्र आतून बरंच वाटतंय. घरात काही हरवलं की विघ्नेश हसून म्हणायचा, "शोधलं की सापडतं." शोध म्हणावं आता मिठागरात.

१६ नोव्हेंबर
आज जीव नुसता वर-खाली झाला. खालच्या मजल्यावरच्या आत्मारामकाकांच्या छातीत दुखायला लागलं आणि ॲम्ब्युलन्स मिठागराच्या रस्त्यावर गोल गोल फिरत राहिली. शेवटी आमची शेजारीण एलिना स्कूटर घेऊन गेली आणि तिला घेऊन आली. काका वाचले, पण थोडक्यात. मग मीच बसले आणि बिल्डिंग नकाशावर टाकली. नाव, गेट, फोटो, सगळं. जुन्याच खात्यावरून टाकली. ज्ञानदाचे बाळपणीचे फोटो त्यात आहेत, ते सोडवेनात म्हणून तेवढं एक खातं ठेवलंय. सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्या आणि फुलंच फुलं! काकांच्या सुनेने तर खरवस पाठवला.

२४ नोव्हेंबर
गॅस, कुरियर, भाजी, सगळं दारात. सुख म्हणजे आणखी काय असतं? नकाशात बिल्डिंगच्या पानावर कुणीतरी नवा फोटोही टाकलाय, मिठागराच्या बांधावरून काढलेला. छान आलाय. नवव्या मजल्यावरचे आमचे टॉवेलसुद्धा ओळखू येतात. टाकणाऱ्याचं नाव नाही, नावाच्या जागी नुसतं एक टिंब.

२७ नोव्हेंबर
पुन्हा टिंब. या वेळी गेट, स्कूलबस आणि कोपऱ्यात पाठमोरी ज्ञानदा. ग्रुपवर विचारलं, कुणीच काढलेला नाही. एलिना म्हणाली, बिल्डिंग कुणी टाकली ते खाली तुझ्या नावाने, फोटोसकट दिसतंय, तुला माहीत नव्हतं? नव्हतं. अक्कल गहाण ठेवली होती मी. नाव बदललं आता, पण वरातीमागून घोडं.

२८ नोव्हेंबर
बिल्डिंग नकाशातून काढायला गेले. उत्तर आलं, ही जागा खरोखर अस्तित्वात आहे, काढता येणार नाही.

२९ नोव्हेंबर
टिंबाचा नवा फोटो. आमचं दार. उंबऱ्याशी रांगोळी — आज सकाळी काढलेली. आज सकाळी. धर्माकाका म्हणतात, पार्सलवाल्यांची रीघ असते, सगळे पत्ता बरोबर सांगतात, कुनाकुनाला अडवू?

३० नोव्हेंबर
पोलिसांनी लिहून घेतलं. म्हणाले, फोटो काय, कुणीही काढतं. आई फोनवर रडत होती. भीती वाटतेय. फार.
एलिना म्हणाली, "उद्या पापडीला चल, माझ्या माहेरी. वाडीत घर आहे, दारात कुत्रे आहेत. पोरीला घे आणि चल."
जाते. पोर माझी आहे.

१ डिसेंबर, दुपार
एलिना रिक्षा आणायला गेलीय. मोठी बॅग खाली धर्माकाकांकडे ठेवून आले — ज्ञानदा आत झोपलेली, उठवावंसं वाटेना — दार नुसतं लोटून गेले होते. एक मिनिट फक्त. आता कडी लावलीय. दोनदा बघितली. हॉलमध्ये बसून लिहितेय, एलिना येईपर्यंत.

फोन वाजला. टिंब. नाही बघायचं.

बघितलं. खोली आहे. कुणाची — आमचे पडदे. आमचा पलंग. पलंगावर पाय, पिवळे मोजे — हे तर मी आत्ताच, वर आल्यावर, झोपेत तिच्या पायात —

खाली पाच स्टार. आणि लिहिलंय, शोधलं की साप