कोल्लैतली कारली आणि मद्रासचा कोबी

मी, चंद्रमतीबाई, कैलासवासी गुरुमूर्तीराव यांची पत्नी, वय सत्तरीपुढे, राहणार तंजावर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने येऊन दोन वाक्ये बोलून पाहावीत. आपलीच बुद्धी तपासून जाईल.

घर माझ्या वडिलांनी माझ्या नावे घेतलेले आहे. त्याचा पुढचा भाग मुलगा सेतुमाधव यास. तो मद्रासेत कचेरीत पंख्याखाली बसतो आणि विहीर बुजवून कोल्लैत भाड्याच्या खोल्या बांधू म्हणतो. म्हणून मागच्या दोन खोल्या, विहीर आणि कोल्लै, म्हणजे सारी परसबाग, मुलगी मंगला हिला. ती इथेच शाळेत शिकवते व माझ्याजवळ राहते.

विळी शेजारीण राजम हिला. कुंपणातून हात घालून माझी पडवळे तोडायची आणि वर "कडू निघाली" म्हणायचे, हे वर्षानुवर्षे चालले. फुकटचे चिरायला हत्यार तरी धड असावे.

यजमानांची शेतकीची पुस्तके रद्दीवाल्यास. त्यांत वाचून ते दर मार्गशीर्षात कोबी लावीत. पाने सुपाएवढी, गड्डा एकदाही धरला नाही. गाजरे उंदराच्या शेपटीएवढी. नाचता येईना अंगण वाकडे, तसे ते कावेरीच्या मातीला बोल लावीत आणि बाजारातून उटीचा कोबी आणून मिटक्या मारीत जेवत. मी कारली, गवार, सुरण, पडवळ असे गावठी लावले आणि घर पोसले. पडवळाला खाली दगड बांधला की ते सरळ वाढते. सेतुमाधवला बांधायचा राहून गेला.

यजमानांच्या पहिल्या श्राद्धाला हा शहाणा मद्रासहून पिशवीभर कोबी घेऊन उतरला. साहेबांनी आणलेली इंग्रजी भाजी श्राद्धाला चालत नाही, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मंगला म्हणाली, "अय्यो अण्णा, श्राद्धास कोबी आणतात काय?" हा म्हणतो, "अप्पांस बहुत आवडत होता की!" तिने भटजींदेखत सारे गड्डे गाईपुढे टाकले. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. तो येतो, पिंड देतो, संध्याकाळच्या गाडीने जातो. ही शाळेत पोरींना क्षमेचे धडे देते आणि घरी भाऊ आला की चुलीकडे तोंड करून बसते. अक्कल वाटताना दोघेही कुठे गेले होते, देव जाणे.

सबब, माझ्या श्राद्धाला बाजारची भाजी आणू नये. सेतुमाधवने स्वतः मंगलाच्या दारात यावे आणि आपल्या तोंडाने भाजी मागावी. गडी पाठवल्यास मी त्या पानाला शिवणार नाही. मंगलाने ती आपल्या हाताने तोडून द्यावी.

दोघेही मूर्ख आहेत, आणि माझ्यामागे त्यांना एकमेकांवाचून कोणी नाही. मला मरणाचे भय नाही, याचे आहे. मंगला, त्याला रिकाम्या हाताने पाठवू नकोस. अप्पांना काय आवडत असे, हे त्या दिवशी या घरात त्या एकट्यालाच आठवले होते.

तंजावर, ९ फेब्रुवारी १९६२.

सही: चंद्रमतीबाई

साक्षीदार: भीमसेनराव, निवृत्त शिक्षक, आणि नटराज, टपाल कारकून. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही मी काही ठेवलेले नाही, तेव्हा त्यांची साक्ष खरी मानावी.