दोन ठिकाणी फुटलेला बांध

प्रिय आई,

हातांवर पोत्यांचे वळ आहेत, पेन धरवत नाही, पण तुला सांगितल्याशिवाय चैनच पडेना! पास्कलदादा ओट्यावर आडवा झालाय, नाहीतर तोच आधी सांगत सुटला असता.

काल दुपारी उधाणाने खाडीचा बांध फोडला. एक भगदाड आपल्या शेतापाशी आणि दुसरं, त्याहून मोठं, नामाकाकांच्या वाडीपाशी. खारं पाणी थेट भातात!

बांधाच्या मातीवरून भांडण झाल्यापासून त्या वाडीशी आपलं बोलणं नव्हतं. "जा, बोला रे," तू किती वेळा म्हणालीस! आम्ही कुठे ऐकलं?

"त्यांचं ते बघतील!" मातीची पोती टाकता टाकता दादा ओरडला. आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर तू सांगायचीस ती गोष्ट मला आठवली. बायबलातले ते दोघे भाऊ, यवाब आणि अबीशय. पुढे शत्रू, मागेही शत्रू. त्यांनी सैन्य वाटून घेतलं आणि शब्द दिला, मला जड गेलं तर तू ये, तुला जड गेलं तर मी येईन. मी विचारायचे, "आणि दोघांनाही एकदमच जड गेलं तर?" तू नुसती हसायचीस. सांगून जायचं होतंस ना गं!

"दादा, त्यांना जास्त जड जातंय."

त्याने एकदा त्यांच्या भगदाडाकडे पाहिलं. मग हातातलं पोतं खांद्यावर टाकून तिकडेच पळत सुटला! आपली सगळी माणसं त्याच्या मागे!

नामाकाका कमरेएवढ्या पाण्यात उभे. "पोरी, तुमचं उघडं टाकून आलात? आमचं आता न्हाय राहत. जा, तुमचं वाचवा!"

"काका, आधी हे पोतं धरा!"

काय जोर चढला सगळ्यांना, आई! बायका, म्हातारे, सगळे रांगेत, पोती हातोहात. बुजलं भगदाड! वळून बघते तर त्यांची माणसं आमच्याही आधी आमच्या भगदाडाकडे धावत होती. कुणी हाकसुद्धा मारली नव्हती! मग तेही बुजवलं सगळ्यांनी मिळून.

खालचं शेत मात्र गेलं गं. तू लावणी करायचीस तेच. ते बघून रडू आलं. पण वरचं भात उभं आहे, दोन्ही वाड्यांचं!

संध्याकाळी नामाकाकांच्या घरून काकू भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेऊन आली. दादाला म्हणाली, "खा रे पोटभर. भांडायलापण ताकद लागते!" किती वर्षांनी हसला तो असा!

पुढच्या उधाणाआधी बांधावर दगड टाकायचं ठरलंय. तुला शब्द देते, सुरुवात त्यांच्या बाजूने करू.

तुझीच,
सिसिल